दाणा वेगळा कोण ठेवणार? : स्टारलिंक मक्याचे तीन कागद वाचताना



मागच्या लेखात आपण पेपरचा सारांश कसा वाचायचा ते पाहिलं. आज एक पायरी पुढे जाऊ. पेपर ज्या गृहीतकावर उभा आहे, ते शोधायचं कसं? त्यासाठी मी एकच प्रकरण घेतलंय, अमेरिकेतला स्टारलिंक मका. (नाव ऐकून उपग्रहाचं इंटरनेट आठवलं असेल. हे त्याच्या बरंच आधीचं आहे.)

हे प्रकरण माझ्यापर्यंत कसं आलं ते आधी सांगतो. माझं काम धान्यातली प्रथिनं ओळखण्याच्या चाचण्यांवर आहे. सिनॉप्सिसमध्ये मी एक वाक्य टाकलं होतं : "सदर धान्य केवळ पशुखाद्यासाठी वापरले जाईल व खाद्य धान्यापासून वेगळे ठेवले जाईल, असे गृहीत धरले आहे." अशी वाक्यं आपण सगळेच लिहितो. समितीतल्या बाहेरून आलेल्या सरांनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "वेगळं ठेवणार कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "ते व्यापारी बघतील, सर," असं काहीतरी मी पुटपुटलो. मीटिंग संपल्यावर गाईड मॅडम एवढंच म्हणाल्या, "स्टारलिंक वाच. नुसती बातमी नको, कागद वाच."

वाचले. त्यातले तीन कागद आज तुमच्यासमोर ठेवतो. तिन्ही कागद हुशार लोकांचे आहेत आणि तिन्हींनी आपापल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. तरीही एक प्रश्न तिघांच्या मधल्या फटीतून निसटला. माझी टीका त्या फटीवर आहे.

आधी घटना

मक्याचं खोड पोखरणाऱ्या अळीला मारण्यासाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतलं जनुक मक्यात घालतात. हा बीटी मका. बीटीची प्रथिनं अनेक प्रकारची असतात. स्टारलिंकमध्ये होतं 'क्राय ९ सी'. मका अ‍ॅव्हेंटिस कंपनीचा. १९९८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, त्याला परवाना दिला, पण अर्धा. जनावरांना खायला घाला, कारखान्यात वापरा, माणसाच्या खाण्यात मात्र नको.

२००० साली हा मका सुमारे साडेतीन लाख एकरांवर होता. अमेरिकेच्या एकूण मका क्षेत्राच्या अर्धा टक्काही नाही. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये काही स्वयंसेवी संघटनांनी दुकानातल्या टाको शेल तपासून घेतल्या आणि त्यांत स्टारलिंकचा डीएनए सापडला. क्राफ्ट कंपनीने माल परत मागवला. पाठोपाठ तीनशेहून जास्त उत्पादनं बाजारातून काढावी लागली. जपान आणि दक्षिण कोरिया हे अमेरिकी मक्याचे मोठे गिऱ्हाईक, तेही बिथरले. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅव्हेंटिसने परवाना परत केला.

आता कागद.

पहिला कागद : अर्धा परवाना

परवाना अर्धाच का दिला, हे समजून घ्या. त्यामागचं विज्ञान चुकीचं नव्हतं. इतर क्राय प्रथिनं जठरासारख्या आम्लात, पेप्सिन घातलेल्या नळीत, पटकन तुटतात. क्राय ९ सी तसं तुटेना, उष्णतेलाही टिकून राही. अ‍ॅलर्जी करणाऱ्या बऱ्याच प्रथिनांमध्ये हे गुण दिसतात. त्यावरून हे प्रथिन अ‍ॅलर्जी करतंच असं सिद्ध होत नाही, पण करणार नाही असंही म्हणता येत नाही. म्हणून संस्थेने सावध भूमिका घेतली. इथवर ठीक.

पुढे परवान्यात अटी आल्या. स्टारलिंकच्या शेताभोवती ६६० फुटांचा पट्टा सोडायचा. त्या पट्ट्यातला मकाही खाद्य बाजारात जाऊ द्यायचा नाही, कारण मक्याचे परागकण वाऱ्यावर जातात. शेतकऱ्यांना या अटी सांगायच्या आणि त्यांच्याकडून करार करून घ्यायचा. कागदावर सगळं नीट बसलंय.

आता हा मका जातो कुठे ते पाहा. आपल्याकडे बाजार समितीत माल पोत्यात येतो. कुणाचं पोतं कुठलं ते निदान अडत्याच्या काट्यापर्यंत तरी कळतं. अमेरिकेत पोतं नाहीच. कापणी यंत्रातून मका सरळ ट्रकमध्ये पडतो आणि ट्रक गावच्या एलेव्हेटरवर जातो. एलेव्हेटर म्हणजे धान्य वर चढवून साठवणारी उंच कोठारं. तिथल्या एका खड्ड्यात दिवसभर वेगवेगळ्या शेतांचा मका ओतला जातो. पुढे आगगाडी, नदीतले तराफे आणि जहाज. या सगळ्या प्रवासात त्याला एकच नाव असतं, 'यूएस नंबर दोन पिवळा मका'. ही प्रत ठरते वजनावर (एका बुशेलला किमान ५४ पौंड), खराब दाण्यांवर (जास्तीत जास्त ५ टक्के) आणि तुकडे व कचऱ्यावर (जास्तीत जास्त ३ टक्के). दाण्यात कुठलं जनुक आहे, हा प्रश्न त्या यादीतच नव्हता.

म्हणजे बाजाराची सगळी रचना धान्य मिसळण्यासाठी केलेली. मिसळता येतं म्हणूनच ते स्वस्तात हलतं. आणि परवाना म्हणत होता, वेगळं ठेवा. त्यासाठी वेगळा खड्डा, वेगळं कोठार, वेगळा डबा लागतो. त्याचे पैसे कोण देणार, हे परवान्यात नव्हतं. पुढे बऱ्याच शेतकऱ्यांनी सांगितलं की ही अट आपल्याला नीट कळवलीच नव्हती. त्यातून स्टारलिंक विकून त्या शेतकऱ्याला जास्त भाव मिळायचा होता असंही नाही. वेगळं ठेवण्यात त्याचा फायदा शून्य, त्रास मात्र पुरेपूर.

या कागदावर माझी टीका अशी : प्रथिनाची चाचणी झाली, वाटेची झाली नाही. 'वेगळं ठेवलं जाईल' हे वाक्य निष्कर्षाइतक्याच वजनाचं होतं, तरी त्यामागे एकही प्रयोग नव्हता. चार एलेव्हेटरवर एक हंगाम पाहणी केली असती तरी उत्तर मिळालं असतं. २००१ मध्ये ईपीएने जाहीर केलं की असे अर्धे परवाने यापुढे देणार नाही. धडा बरोबर घेतला, पण फार महागात पडला.

मधेच एक गणित : मिसळलेलं शोधायचं कसं?

हा भाग सोडून पुढे जाऊ नका. मुलाखतीत विचारतात.

प्रकरण फुटल्यावर धान्य तपासायला पट्टी-चाचणी वापरात आली. दाणे दळायचे, पाण्यात ढवळायचे, त्यात पट्टी बुडवायची. रेघ उमटली तर क्राय ९ सी आहे. ही पट्टी ८०० दाण्यांत एक स्टारलिंक दाणा असला तरी पकडते. शिफारस होती २,४०० दाणे तपासण्याची, ८००-८०० च्या तीन वाट्यांत. हा आकडा कुठून आला?

समजा ढिगात ०.२ टक्के दाणे स्टारलिंकचे आहेत. एक दाणा उचलला तर तो साधा असण्याची शक्यता ०.९९८. ४०० दाणे उचलले तर सगळेच्या सगळे साधे निघण्याची शक्यता ०.९९८ चा ४०० वा घात, म्हणजे सुमारे ४५ टक्के. जवळजवळ नाणेफेकच. ८०० दाण्यांना ती २० टक्क्यांवर येते आणि २,४०० ला एक टक्क्याच्याही खाली. म्हणून २,४००.

पण इथेही एक गृहीतक लपलंय, सापडलं का? ढीग एकसारखा मिसळलेला आहे असं आपण धरलं. खऱ्या कोठारात एका ट्रकचा माल एका थरात बसतो. वरच्या थरातून २,४०० दाणे काढले आणि स्टारलिंक तळाशी असला, तर आपलं ९९ टक्के हवेत गेलं. आपल्याकडेही पोत्यात नळी खुपसून नमुना काढतात, तेव्हा जाणता माणूस एकाच पोत्यात तीनदा खुपसण्याऐवजी वेगवेगळ्या पोत्यांत खुपसतो. घातांकाचं सूत्र त्याला माहीत नसेल, पण ते सूत्र कुठे लंगडं पडतं हे त्याला ठाऊक असतं.

दुसरा कागद : २८ माणसं, १७ नमुने

बातमी फुटल्यावर मक्याचे पदार्थ खाऊन त्रास झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, सीडीसीने, त्यांचा तपास केला आणि जून २००१ मध्ये अहवाल दिला. आलेल्या तक्रारींपैकी २८ जणांना अ‍ॅलर्जीसारखा त्रास झालेला दिसत होता. १७ जणांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची एलायझा चाचणी झाली. क्राय ९ सी मुळे अ‍ॅलर्जी झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

हा अहवाल मला आवडला, कारण त्याची भाषा सावध आहे. पुरावा मिळाला नाही, एवढंच तो म्हणतो. धोका नाही, असं म्हणत नाही. पण बातम्यांत दोन्ही बाजूंनी तो वाकवला गेला. एक गट म्हणाला, बघा, निर्धोक ठरला. दुसरा म्हणाला, बघा, लपवाछपवी.

तुम्ही संशोधक म्हणून काय विचाराल? मी वहीत दोन प्रश्न लिहिले. पहिला : चाचणीत वापरलेलं क्राय ९ सी आलं कुठून? ते जिवाणूत तयार केलेलं होतं, मक्यातून काढलेलं नव्हतं. वनस्पतीच्या पेशीत प्रथिनाला कधी कधी साखरेचे रेणू जोडले जातात आणि प्रतिपिंड त्या फरकावर अडू शकतं. दुसरा : पॉझिटिव्ह कंट्रोल कोणता? एलायझा नकारात्मक आली यावर विश्वास ठेवायचा, तर ती सकारात्मक येऊ शकते हे आधी दाखवावं लागतं. आणि या प्रथिनाची अ‍ॅलर्जी नक्की आहे असा माणूस जगात कुणालाच माहीत नव्हता, तर त्याचं रक्त आणणार कुठून? ही त्या शास्त्रज्ञांची चूक नव्हे, ही त्या प्रश्नाचीच अडचण आहे. तरी निष्कर्षाचं वजन त्याने कमी होतं.

ईपीएच्या तज्ज्ञ समितीने डिसेंबर २००० मध्ये केलेली मांडणी मला जास्त उपयोगी वाटते. हे प्रथिन अ‍ॅलर्जीकारक असण्याची शक्यता 'मध्यम', पण अन्नात ते ज्या प्रमाणात आहे ते पाहता लोकांना अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता 'कमी'. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला प्रथिनाच्या स्वभावाचा, तो प्रयोगशाळेत सुटतो. दुसरा ते किती जणांच्या ताटात किती पोचलं याचा, तो कोठारात आणि गिरणीत सुटतो. म्हणजे फिरून आपण एलेव्हेटरच्या खड्ड्याशीच आलो.

तिसरा कागद : ६.८ टक्के

आता अर्थशास्त्र. कॉलिन कार्टर आणि अ‍ॅरन स्मिथ यांचा पेपर २००७ मध्ये 'रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक्स अँड स्टॅटिस्टिक्स' मध्ये आला. निष्कर्ष असा : स्टारलिंकमुळे अमेरिकी मक्याचा भाव ६.८ टक्क्यांनी दबला आणि तो किमान वर्षभर दबलेला राहिला.

भाव तर पावसाने पडतो, निर्यातीने पडतो, मग स्टारलिंकनेच पडला हे कसं कळलं? त्यांची युक्ती सुंदर आहे. त्यांनी मक्याचा भाव एकटा न पाहता ज्वारीच्या भावाशी ताडून पाहिला. अमेरिकेत ज्वारी मुख्यतः जनावरांना घालतात, मक्याला पर्याय म्हणून. पशुखाद्याची मागणी वाढली तर दोघींचा भाव चढतो, घटली तर दोघींचा उतरतो. दोघींच्या भावाचं गुणोत्तर मात्र साधारण टिकून राहतं. ज्वारीत जनुकबदल केलेलं वाण बाजारात नव्हतंच, त्यामुळे स्टारलिंकचा थेट डाग तिला लागला नाही. मग गुणोत्तर तुटलं असेल, तर ते स्टारलिंकमुळे. आपल्या सिनॉप्सिसमध्ये 'तुलनेचा गट' म्हणून आपण जे घाईत लिहितो, ते असं विचार करून निवडायचं असतं.

आता टीका. पर्याय जितका जवळचा, तितकी एक अडचण मोठी. मका स्वस्त झाला तर पशुपालक ज्वारी सोडून मक्याकडे वळतील आणि ज्वारीचाही भाव उतरेल. मग गुणोत्तर खरी घसरण कमी दाखवेल. उलट, घाबरलेला परदेशी गिऱ्हाईक मका सोडून ज्वारी घेऊ लागला, तर ज्वारी चढेल आणि गुणोत्तर घसरण जास्त दाखवेल. दोन्ही ओढी एकाच वेळी चालू असू शकतात. म्हणून ६.८ हा आकडा पत्रिकेतल्या मुहूर्तासारखा वाचू नका. पहिल्या दशांशापर्यंत लिहिलाय म्हणून तो तिथपर्यंत पक्का आहे असं नसतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भाव पडला म्हणजे नुकसान झालं, पण कुणाचं? ढोबळ हिशोब करून बघू. २००० साली अमेरिकेत सुमारे ९९० कोटी बुशेल मका झाला आणि त्या हंगामाचा सरासरी भाव १.८५ डॉलर होता. किंमत साधारण १,८३० कोटी डॉलर. त्याचे ६.८ टक्के म्हणजे सव्वाशे कोटी डॉलरच्या आसपास. मी हा हिशोब केला आणि खूश होऊन मॅडमना दाखवला. त्यांनी लाल पेनाने तीन ठिकाणी गोल केले.

एक, बराच मका विकला जातच नाही, शेतकरी आपल्याच गुरांना घालतो. त्याचा भाव पडला काय आणि चढला काय. दोन, त्या वर्षी भाव सरकारने ठरवलेल्या कर्जदरापेक्षा खाली होते आणि फरकापोटी शेतकऱ्यांना सरकारी पैसे मिळत होते. म्हणजे घसरणीचा एक वाटा शेतकऱ्याऐवजी करदात्याच्या खिशातून गेला. तीन, ज्याच्याकडे डुकरं-कोंबड्या होत्या त्याला खाद्य स्वस्त मिळालं, त्याचा फायदाच झाला. भावातली घसरण हा एक आकडा आहे. नुकसान ही वाटणी आहे. पेपर घसरण मोजतो, आणि मोजतोही चांगली. वाटणीचं उत्तर त्याच्याकडे मागणं ही वाचणाऱ्याची चूक, आणि ती चूक मी केली होती.

ज्यांनी स्टारलिंक कधी पेरलाच नव्हता अशा शेतकऱ्यांनी खटला भरला आणि २००३ मध्ये ११ कोटी डॉलरवर तडजोड झाली. माझ्या चुकलेल्या सव्वाशे कोटींशेजारी हे ११ कोटी ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. आकडे एका प्रश्नाचे नाहीत.

हे आपल्याला कशाला?

कारण हा प्रश्न तिथेच राहिलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. कोंबडीखाद्य महागलं होतं. माल उतरणार होता मुख्यतः न्हावाशेवाला. अट होती की माल दळलेला, तेल काढलेला हवा, सजीव नको. पेंड उगवत नाही, त्यामुळे ती कुणाच्या शेतात जाऊन रुजण्याची भीती नाही. पटण्यासारखी अट आहे, आणि स्टारलिंकच्या अटीपेक्षा शहाणी, कारण ती माणसाच्या वागण्यावर अवलंबून नाही, मालाच्या रूपावर अवलंबून आहे. अट लिहिताना हा फरक लक्षात ठेवा. पण उद्या अख्खा दाणा आयात करायचा किंवा इथे पिकवायचा प्रश्न आला, की सरांचा प्रश्न पुन्हा उभा राहील : वेगळं ठेवणार कोण?

आणि ठेवता आलं नाही तर निस्तरायला किती वेळ लागतो? स्टारलिंक शेतात होता तीन हंगाम. पण धान्यात त्याची तपासणी करत राहा ही सरकारी शिफारस मागे घेतली गेली २००८ मध्ये.

तुमच्यासाठी काम

तुमचा सिनॉप्सिस काढा, नसेल तर कुठलाही एक पेपर घ्या. त्यातल्या 'ठेवले जाईल', 'वापरले जाईल', 'पाळले जाईल' अशा वाक्यांखाली पेन्सिलने रेघ मारा. या वाक्यांत कर्ता नसतो. प्रत्येकाशेजारी समासात तीन गोष्टी लिहा : कोण करणार, त्याला त्यात काय मिळणार, आणि त्याने नाही केलं तर आपल्याला कळणार कसं. जिथे समास कोरा राहील, तिथे तुमच्या संशोधनाला भोक आहे. कदाचित तिथेच तुमचा विषयही आहे.

माझं ते वाक्य आता गृहीतकांच्या यादीत नाही. त्याचं एक छोटं प्रकरण झालंय. त्यासाठी या हंगामात मी बाजार समितीत जाऊन नुसता बसणार आहे, मका कुठून येतो, कुठे ओततात, कशात मिसळतो ते लिहून काढायला. हमालांशी बोलायचंय, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. समितीची पुढची मीटिंग जानेवारीत आहे. सर तोच प्रश्न पुन्हा विचारतील याची खात्री आहे. उत्तर पूर्ण नसलं तरी या वेळी पुटपुटायचं नाही, एवढं ठरवलंय.

तुमच्या समासात काय कोरं राहिलं ते मला नक्की कळवा.